बिटकॉइनची वीज आणि गल्लीतला डीपी

२००५-०६ मधले भारनियमन ज्यांनी पुण्यात राहून सोसले, त्यांना विजेची टंचाई म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. २००६ मध्ये शहर भारनियमनातून सुटले, पण ते नवे वीजकेंद्र उभे राहिले म्हणून नव्हे. आसपासच्या कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची, तेवढी महावितरणची वीज सोडायची, ती शहराकडे वळवायची आणि महागड्या इंधनाचा फरक जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी बिलातून भरायचा, अशी ती व्यवस्था होती. राज्य वीज नियामक आयोगाने तिला मंजुरी दिली आणि ‘पुणे मॉडेल’ म्हणून ती देशभर ओळखली गेली. बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगने, म्हणजे संगणक राबवून ही आभासी नाणी मिळवण्याच्या धंद्याने, जगातल्या लहान गावांच्या वीजपुरवठ्याचे काय केले, हे समजून घेताना हा अनुभव जवळ असलेला बरा, कारण तिथेही वाद अखेर याच मुद्द्यावर आला की वाढलेल्या भाराची किंमत कोणी भरायची आणि ते कोणी, केव्हा ठरवायचे.

बिटकॉइनचे जाळे जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, नोंदवहीत चढवण्यासाठी संगणकांना एका विशिष्ट अटीत बसणारी संख्या शोधावी लागते, आणि ती शोधण्याला अंदाज करत राहण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. ज्याला आधी सापडेल त्याला नवी नाणी मिळतात. यालाच मायनिंग म्हणतात. सुरुवातीला हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. ठरावीक ब्लॉकांनंतर ते निम्मे होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आले आहे. विजेच्या दृष्टीने कळीचा नियम मात्र वेगळाच आहे. सरासरी दहा मिनिटांना एकच ब्लॉक निघावा म्हणून दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण पंधरवड्याने, कोड्याची काठिण्यपातळी बदलते. यंत्रे वाढली किंवा वेगवान झाली की कोडे तेवढेच अवघड होते. कमी विजेत जास्त काम करणारा पंखा आणला तर घरातली वीज वाचते. इथे तसे होत नाही. नवे यंत्र फक्त जुन्याला बाजारातून हाकलते आणि एकूण वीज किती जळायची हे नाण्याचा भाव आणि विजेचा दर ठरवतात.

पहिल्या वर्षी हे काम घरच्या संगणकावर होत असे. २०१० पासून ग्राफिक्स कार्डे आली आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनवलेल्या चिप्सची यंत्रे. २०२० च्या सुमारास गाजलेले ‘अँटमायनर एस१९’ सुमारे ३,२५० वॉट खाते. ते चोवीस तास चालते, म्हणजे दिवसाला ७८ युनिट आणि महिन्याला सुमारे २,३४० युनिट. जिन्याखालच्या मीटरवर हे प्रत्यक्ष दिसते. ज्या मीटरवर एका युनिटला ३,२०० स्पंदने असे छापलेले असते, त्याचा लाल दिवा महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात सरासरी चार सेकंदांनी एकदा लुकलुकतो. या एका यंत्रावर तो सेकंदाला जवळजवळ तीन वेळा लुकलुकेल, आणि पहाटे तीन वाजताही त्याचा वेग कमी होणार नाही.

हा न थांबणारा वेगच गल्लीतल्या यंत्रणेला जड जातो. डीपीवरचे रोहित्र, त्यावरून निघालेली केबल, घरोघरचे मंजूर भार हे सगळे असे धरून बसवलेले असते की सर्वांचे गिझर आणि एसी एकाच क्षणी चालणार नाहीत. दुपारी तापलेले रोहित्र रात्री भार उतरला की निवते. भार उतरलाच नाही तर त्यातले तेल आणि वेटोळ्यांवरचे आवरण तापत राहते आणि त्याचे आयुष्य घटते. देशाच्या एकूण वापरात मायनिंगचा हिस्सा नगण्य असतानाही एखाद्या वस्तीचा पुरवठा कोलमडू शकतो, तो यामुळे.

याची पहिली ठळक उदाहरणे जलविद्युत असलेल्या गावांत घडली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या चेलान परगण्यात कोलंबिया नदीवर धरणे आहेत आणि ती स्थानिक लोकांच्या मालकीच्या वीजसंस्थेकडे आहेत. (मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, तेव्हा जमीन त्यांची बुडत होती आणि वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाणार होती. चेलानमध्ये धरणाची स्वस्त वीज धरणाकाठच्या लोकांनाच मिळाली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.) या स्वस्ताईमागे मायनिंगवाले आले, काहींनी न विचारता घरगुती जोडणीवरच यंत्रे लावली, आणि मार्च २०१८ मध्ये संस्थेने नवे अर्ज थांबवले. पुढे तिने या धंद्यासाठी स्वतंत्र दरवर्गच केला.

न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गची गोष्ट अधिक बोलकी आहे. या गावाला स्वस्त जलविजेचा १०४ मेगावॉटचा ठरलेला वाटा मिळतो. त्यावरची वीज खुल्या बाजारातून घ्यावी लागते. तिथल्या घरांत उष्णताही विजेवर चालते. २०१७-१८ च्या कडाक्याच्या थंडीत मायनिंगचा भार घरांच्या भारात मिसळला, वाटा ओलांडला गेला आणि महाग विजेचा फरक सर्वांच्या बिलांत वाटून आला. ज्यांनी बिटकॉइनचे नावही घेतले नव्हते, त्यांची बिले वाढली. मार्च २०१८ मध्ये नगर परिषदेने नव्या मायनिंगवर अठरा महिन्यांची बंदी घातली. अमेरिकेतल्या शहराने घातलेली ही अशी पहिली बंदी. इथल्या रहिवाशांना वाढीव भाराची किंमत कळली ती बिल हातात पडल्यावर.

त्यानंतर हा धंदा देशोदेशी फिरला. चीनने २०२१ मध्ये मायनिंग बंद केले, तेव्हा यंत्रे शेजारच्या कझाकस्तानात गेली. तिथल्या कोळशावरच्या जुन्या केंद्रांना तो भार पेलेना आणि जानेवारी २०२२ मध्ये मायनिंगचा पुरवठा तोडण्यात आला. इराणने २०१९ मध्ये परवाने दिले, पण मे २०२१ मध्ये शहरे अंधारात जाऊ लागल्यावर चार महिने सर्व मायनिंग थांबवले. त्यातले सुमारे ८५ टक्के विनापरवाना असल्याचे तेव्हाचे अध्यक्ष रूहानी यांनीच सांगितले. कोसोव्होने जानेवारी २०२२ मध्ये बंदी घातली.

टेक्सासात उलट मार्ग निवडला गेला. मागणी शिगेला पोहोचली की यंत्रे बंद करायची आणि त्याचा मोबदला घ्यायचा, अशी सोय तिथल्या वीजबाजारात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रायट या मायनिंग कंपनीला अशा मोबदल्यातून ३ कोटी १७ लाख डॉलर मिळाले, आणि त्या महिन्यात तिने काढलेल्या बिटकॉइनची किंमत याहून कमी होती. वाढलेला भार उतरवण्याचेही पैसे अखेर वीजग्राहकांच्याच खिशातून येतात, त्यामुळे या मार्गाला निव्वळ तोडगा म्हणणे मला पटत नाही. खरी बचत घडली ती इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोचलनात: सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने मायनिंगची पद्धतच सोडली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

पुण्यात मायनिंगने मूळ धरले नाही. महावितरणचा घरगुती दर युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे महिना दोन हजार युनिटांवर हिशेब बसत नाही. शिवाय २०२२ पासून उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा होत नाही. शहराला मायनिंगच्या नावाने जो फटका बसला तो गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेतल्या फसवणुकीचा. दरमहा दहा टक्के परताव्याच्या आश्वासनावर लोकांनी पैसे गुंतवले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांना सूत्रधाराला अटक करावी लागली.

शहराभोवती आता डेटा सेंटरे उभी राहत आहेत आणि त्यांचाही भार मायनिंगसारखाच रात्रंदिवस सपाट असतो. पण ती उच्चदाब जोडणी घेतात, भार आधी मंजूर करून घेतात आणि त्या मंजूर भाराचा आकार दरमहा वेगळा भरतात. फ्लॅटच्या बंद खोलीत चालणाऱ्या यंत्राची अशी नोंद कुठेच नसते. मे महिन्याच्या एखाद्या रात्री डीपीचा फ्यूज उडतो, अख्खी गल्ली गच्चीवर येते, आणि फ्यूज बांधायला आलेल्या वायरमनलाही कळत नाही की भार नेमका कोणाच्या घरातून आला.