पस्तिशीत झिजलेला गुडघा: गादीची जुनी हकीकत

सातारा-सांगली पट्ट्यातला माजी पैलवान किंवा कबड्डीपटू पस्तिशीतच गुडघेदुखी घेऊन आला, की आधी विशीतली हकीकत विचारावी लागते. गुडघा कधी मुरगळला होता का? गादी काढली होती का?

इथे गादी म्हणजे कुस्तीची नव्हे, तर गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट चकत्या. 1883 साली एडिंबरात थॉमस ॲनंडेल यांनी फाटलेली गादी टाके घालून शिवली होती, पण ती वाट फारशी कुणी धरली नाही. गादी बिनकामाची, ही समजूतच रुजली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, त्या काळी फाटलेली गादी सहसा अख्खीच काढत. खरे तर 1948 मध्येच फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांच्या एक्स-रेत सांध्यातली फट अरुंद झालेली, हाडाला कड आलेली, मांडीच्या हाडाचे टोक चपटे झालेले दाखवले होते. गादी गेली की तेच वजन थोड्या जागेवर पडते आणि हाडावरची गुळगुळीत कूर्चा झिजते. एवढे समोर असूनही सवय सुटायला काही दशके गेली.

1962 मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा फाटका तुकडा तेवढाच काढला. पुढे शिवण्याकडे कल वळला. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर जुळते; आतल्या भागातली क्वचितच.

दुसरे दुखणे एसीएलचे, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी बांधून ठेवणाऱ्या एका पट्ट्याचे (लिगामेंटचे). पाय रोवलेला आणि अंग फिरले की हे लिगामेंट तुटते. मॅटवर बूट घट्ट पकडतो, तेव्हा धोका जास्त. दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचले असण्याची शक्यता मोठी, आणि त्यामागे बहुधा एसीएल. सूज दुसऱ्या दिवशी चढली तर गादीचा संशय. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर चोळणे, ओढणे बंद. थेट अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. अशा दुखापतींनंतर 10 ते 20 वर्षांत साधारण निम्म्या गुडघ्यांत झीज दिसते. एसीएल नवे बसवले तरी ती टळेलच असे नाही.

घाई मात्र नक्की नडते. नव्या एसीएलनंतर किमान 9 महिने मैदान नाही, आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत आलेली हवी. दिवाळीत शस्त्रक्रिया झाली तर चैत्रातल्या जत्रांचे फड त्या वर्षी सोडावेच लागतात, आणि नेमके तेच पोरांना पटत नाही.