संशोधनाचे प्रकार आणि उपयोग (इंदूरच्या उदाहरणांसह)

पुरावा शिस्तीने गोळा करून, तो तपासून प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजे संशोधन. इंदूरच्या मराठी माणसाला हा शब्द जपून वापरावा लागतो. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, उदाहरणार्थ संविधान संशोधन. आपल्या संशोधनाला तिथे शोध किंवा अनुसंधान म्हणतात.

हेतूवरून मूलभूत (केवळ जाणून घेण्यासाठी) आणि उपयोजित (प्रत्यक्ष अडचण सोडवण्यासाठी) असे दोन प्रकार मानतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे यंत्र आहे. त्यात वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पदार्थातील अणूंची मांडणी पाहता येते. अशा मूलभूत कामाला पहिल्याच दिवशी ‘याचा फायदा काय?’ असे विचारणे अन्यायाचे आहे.

उपयोजित संशोधनाचा इंदूरइतका बोलका नमुना क्वचितच सापडेल. १९२४ साली येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनज्ञ यशवंत वाड यांच्यापुढे प्रश्न साधा होता: शेण गोवऱ्यांत जळते, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) वाया जातात, मग जमिनीला खत कुठून आणायचे? कडक पऱ्हाट्या त्यांनी शेतातल्या वाटेवर अंथरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर दिले, पाणी शिंपडले, तीनदा ढीग उलटला. तीन महिन्यांत खत तयार! ही ‘इंदूर पद्धत’ दोघांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. कचऱ्यातले कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) प्रमाण सुरुवातीला सुमारे ३३:१ हवे आणि कुजल्यावर ते १०:१ च्या आसपास येते, हे रसायनशास्त्र त्यामागे होते. म्हणजे उपयोजित कामाचा पाया मूलभूत ज्ञानातच होता.

पद्धतीवरून पाहिले तर वर्णनात्मक संशोधन ‘काय आहे’ ते सांगते, प्रायोगिक संशोधन ‘कशामुळे’ ते सांगते. इथेच सर्वाधिक फसगत होते. एखादे सोयाबीन वाण पेरणाऱ्यांना पिकाचा उतारा जास्त मिळाला, असे पाहणीत दिसले तरी श्रेय वाणाचेच असे नाही. त्यांची जमीनच भारी असेल. म्हणून चाचणीत एकाच शेताचे वाफे पाडून कोणत्या वाफ्यात कोणते वाण, ते चिठ्ठी टाकून ठरवतात आणि प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पेरतात.

संख्यात्मक संशोधन मोजते. इंदूरच्या किती घरांत मराठी बोलतात, ते जनगणनेसारख्या मोजणीतून कळते. पण आजीने ‘जेवलास का?’ विचारावे आणि नातवाने ‘हाँ, खा लिया’ म्हणावे, हे का घडते, ते कळायला त्या घरात बसून ऐकावे लागते. ते गुणात्मक संशोधन. शिक्षक आपल्याच वर्गातली अडचण सोडवून पाहतो, ते कृतिसंशोधन.

ऐतिहासिक संशोधनात प्रयोग करता येत नाही, कागदच बोलता करावा लागतो. होळकरशाहीतली मोडी पत्रे वाचताना अक्षराआधी तारीख अडवते. पुष्कळ पत्रांवर सुहूर सन (तेव्हाच्या कारभारातली कालगणना) असतो आणि तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागते तेव्हा, बदलतो. म्हणून मृगानंतर डिसेंबरपर्यंतच्या पत्राच्या सनात ५९९, तर जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राच्या सनात ६०० मिळवून इसवी सन काढतात.