एक्सरे नॉर्मल म्हणजे हाड शाबूत? नाही हो!

"एक्सरेत काही नाही, म्हणजे नुसतं मुरगळलंय" हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, पण ते खरं नाही. हातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबल्यावर दुखतंय तर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्सरेत ते कधीकधी दिसतच नाही कारण सपाट फोटोत हाडं एकमेकांवर येतात. अशा वेळी कोन बीम सीटी (cone beam CT) हा स्कॅन कामी येतो, त्यात किरणांचा शंकूसारखा झोत हाताभोवती फिरतो नि थ्रीडी चित्र मिळतं, रेडिएशनही नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा कमी. लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, बघायला मात्र एमआरआयच. अशा स्कॅनचं मशीन नसेल तर मनगट बांधून 10-14 दिवसांनी परत तपासतात, ते प्लीज टाळू नका, या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो, दुर्लक्ष झालं तर तुटलेला तुकडा मरू शकतो.