विमानतळांमधलं अंतर वेगळं, विमानाने कापलेलं अंतर वेगळं

न्यूयॉर्क ते माद्रिद किती लांब? सुमारे ५,७६० किलोमीटर. पण एखाद्या दिवशी त्या मार्गावरून गेलेल्या विमानाचा माग काढला, तर आकडा सहसा याहून मोठा निघतो. मग लोकांना वाटतं, दोन्हींपैकी एक चुकलाय. चुकलेलं काहीच नसतं.

पहिलं अंतर समजून घ्यायला पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरतो. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, ४०.५ अंश उत्तरेला आहेत. दोरा आधी त्या अक्षवृत्तावरून नीट ठेवा आणि मग ताणा. तो आपसूक उत्तरेकडे सरकतो, मध्यावर ४६ अंशांपर्यंत चढतो आणि बोटांत थोडा दोरा उरतो. हा उरलेला तुकडा म्हणजे सुमारे १७० किलोमीटर, कारण अक्षवृत्तावरून गेलं तर ५,९३० भरतात. ताणलेल्या दोऱ्याची ही वाट म्हणजे बृहद्वृत्त, ग्रेट सर्कल. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, पण सर्वांत जवळची तीच.

हे अंतर काढायला दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश पुरतात. वारा, विमान, तारीख, कशाचाच संबंध नाही. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानली तर न्यूयॉर्क-लंडन ५,५४० येतं, ध्रुवांपाशी ती चपटी आहे हे हिशेबात धरलं तर पंधराएक किलोमीटर वाढतात. तेव्हा दोन ठिकाणचे आकडे एवढ्याने हुकले तर घाबरू नका. ‘मैल’ मात्र नीट बघा. वैमानिकांचा नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा, रस्त्यावरचा मैल जेमतेम १,६०९ मीटरचा.

दुसरं अंतर त्या त्या उड्डाणाचं. धावपट्टी वाऱ्याच्या तोंडी असते, म्हणून विमान कधी उलट्या दिशेला उडून मग वळतं. उतरण्याआधी गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालतं. उत्तर अटलांटिकवर तर समुद्रावरच्या वाटा रोज नव्याने आखल्या जातात. पूर्वेला जाणाऱ्यांना जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा, जोर मिळावा, पश्चिमेला जाणाऱ्यांनी तो टाळावा, हा हेतू. त्यामुळे थोडं लांबून गेलेलं विमान लवकर पोचू शकतं. लांबची वाट म्हणजे उशीर, हे गणित आकाशात चालत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जोरदार वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं.

दोन्हींतला फरक सर्वांत लख्ख दिसतो तो हेलसिंकी-टोकियो मार्गावर. दोऱ्याने मोजलं तर सुमारे ७,८०० किलोमीटर, बराचसा रशियावरून. २०२२ मध्ये फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. विमानं उत्तर ध्रुवाकडून नाहीतर दक्षिणेकडून वळसा घालू लागली. दोरा मात्र तसूभरही हलला नाही.

म्हणून आपल्याला कोणता आकडा हवाय हे आधी ठरवावं. इंधन आणि वेळ बघायचा तर उडालेलं अंतर. नियम आणि हक्क बघायचे तर बहुतेक वेळा बृहद्वृत्त. विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोचलं तर युरोपीय संघाच्या नियमानुसार मिळणारी भरपाई याच अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ६०० पर्यंत. तिथे विमान किती फिरून आलं, हे कोणी विचारत नाही.