जीटीके २, ३, ४ : स्थलांतर एवढं का रेंगाळलं?

जीटीके म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रॅमांच्या खिडक्या, बटणं, मेनू बनवायचं टूलकिट. त्याचं २.० आलं २००२ मध्ये. मराठी वापरकर्त्यांसाठी ती आवृत्ती मोलाची होती, कारण युनिकोड आणि पँगो (अक्षरं मांडणारी लायब्ररी) यांमुळे लिनक्सवर जोडाक्षरं नीट दिसायची सोय झाली. पुढची जवळजवळ नऊ वर्षं त्याच मालिकेवर ढीगभर सॉफ्टवेअर लिहिलं गेलं.

फेब्रुवारी २०११ मध्ये ३.० आलं, आणि ते सॉफ्टवेअर त्यावर न्यायचं तर कोड बदलणं आलं. खिडकीत चित्र काढायला सांगणारा 'एक्स्पोज-इव्हेंट' हा सिग्नल जाऊन 'ड्रॉ' आला, पायथनमधून जीटीके वापरायला पायजीटीकेच्या जागी पायजीऑब्जेक्ट घ्यावं लागलं. एवढं चिकाटीने जमत होतं. छळ सुरू झाला तो थीमचा, म्हणजे रंगरूप ठरवणाऱ्या फाइलींचा. त्या वेबपानांसारख्या सीएसएसमध्ये लिहायच्या होत्या, पण एपीआय (प्रोग्रॅम टूलकिटमधलं जे वापरतात ते) मोडणार नाही या हमीत ते सीएसएस धरलेलंच नव्हतं. २०१६ च्या ३.२० मध्ये विजेटांचे (बटणं, याद्या वगैरे घटकांचे) सिलेक्टर, म्हणजे सीएसएसमध्ये त्यांना ओळखायची नावंच बदलली, आणि कोडला हात न लावताही चालू प्रोग्रॅम विद्रूप दिसू लागले.

त्याच वर्षी जूनमध्ये मांडलेल्या योजनेवर सर्वाधिक वाद झाला. दर दोन वर्षांनी नवी मुख्य आवृत्ती काढायची, ४.० मात्र स्थिर नसेल. ४.२, ४.४ मध्येही एपीआय मोडू शकेल, आणि ४.६ च्या सुमारास 'जीटीके ४' पक्कं म्हणायचं. देखभाल करणाऱ्यांची अडचण खरी होती: जुनं न मोडता नवं रेंडरिंग (पडद्यावर चित्र उमटवायची पद्धत) आणणं अवघड होतं. पण आकड्यात 'शून्य' दिसलं की लोक पक्की आवृत्ती समजतात, ही साधी गोष्ट त्यात सुटली होती. आपला प्रोग्रॅम नेमका कशावर न्यायचा, हेच कळेना. सप्टेंबरमध्ये योजना बदलली: ३.२२ दीर्घकाळ स्थिर, प्रयोग ३.९० च्या आसपासच्या क्रमांकांत, आणि ४.० पक्कं. हा निर्णय योग्यच होता, फक्त पाच वर्षं आधी व्हायला हवा होता. तोवर कित्येकांचा धीर सुटला होता. नेटवर्क तपासणाऱ्या वायरशार्कने २०१५ मध्येच क्यूटी या प्रतिस्पर्धी टूलकिटची वाट धरली होती.

डिसेंबर २०२० मध्ये ४.० आलं, तेव्हा काढून टाकलेल्या गोष्टींची यादी लांबलचक होती. इतर घटक पोटात ठेवणारा जीटीकेकंटेनर, मेनूंचा जीटीकेमेनू गेले. उत्तर येईपर्यंत थांबणारं 'जीटीके_डायलॉग_रन'ही गेलं, म्हणजे प्रत्येक डायलॉगभोवतीचा कोड कॉलबॅकमध्ये (उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनात) पुन्हा लिहिणं आलं. ४.१० मध्ये याद्या आणि तक्ते दाखवणारा ट्रीव्ह्यू कालबाह्य ठरला. मोठे तक्ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांना हा घाव सर्वांत खोल लागला.

ज्या गिंप या चित्र-संपादकासाठी हे टूलकिट मुळात बनलं, त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तीही जीटीके ३ वर.