पाचोळ्यातले कोळी ओळखताना

सांगलीकडच्या बागायतदाराला ‘कोळी’ म्हटलं की पानांचा रस शोषणारा लाल कोळी आठवतो आणि पाठोपाठ कोळीनाशकाची फवारणी. बांधावर पहिल्या पावसानंतर दिसणारा मखमली मृगाचा किडा याच गटातला, गोचीडही त्यातलीच. पण साताऱ्याच्या पश्चिमेला, अंजनी-जांभळाखालच्या ओल्या पाचोळ्यात राहणाऱ्या माइटकडे, म्हणजे अशाच बारीक कोळ्यांकडे, कुणाचं लक्ष जात नाही. ती पिकाच्या वाटेला जात नाहीत. त्यांतली बरीच कुजकी पानं आणि त्यांवरची बुरशी खातात, आणि मातीला माती करतात.

ती पकडायची युक्ती जुनी आहे. नरसाळ्यात जाळी, जाळीवर दोन मुठी पाचोळा, वर बल्ब, खाली स्पिरिटची बाटली. पाचोळा वरून सुकत जातो, जीव ओल शोधत खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये अशा नरसाळ्याला गरम पाण्याची ऊब दिली होती. बल्ब नंतर स्वीडनच्या टुलग्रेन यांनी आणला. (पाचोळा स्वतःच्या रानातला घ्यावा, अभयारण्यातला उचलायला वनखात्याची परवानगी लागते.)

बाटलीत काय काय पडतं! फिकट तपकिरी, लांब पायांचे, ते बहुधा शिकारी. काळपट, चकचकीत, खसखशीहून लहान आणि कडक कवचाचे, ते ओरिबॅटिड नावाच्या गटातले. त्यांतले काही पाय आत ओढून पुढचा भाग झाकणासारखा मिटून घेतात; नवख्याला ते हमखास बी वाटतं.

रंगावर मात्र विसंबू नये. खरी ओळख केसांत असते. ओरिबॅटिडच्या पुढच्या भागावर, मागच्या कडेला दोन बारीक वाट्या असतात आणि प्रत्येकीतून एक केस निघतो. कुणाचा दोऱ्यासारखा, कुणाचा गदेसारखा, कुणाचा फणीसारखा. हवेची हालचाल टिपणारा हा केस मला या जिवाचा सर्वांत सुंदर अवयव वाटतो. तो नीट दिसावा म्हणून गडद नमुना काही दिवस लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करतात. मग खोलगट काचपट्टीवर सुईने उलटसुलट करत पोटाकडच्या झडपा आणि त्यांवरचे केस मोजायचे.

पिल्लं सगळा हिशेब चुकवतात. अळीला सहाच पाय. पुढच्या तीन अवस्थांत आठ, पण अंग मऊ, फिकट, आईबापांशी बहुधा काडीचं साम्य नाही. म्हणून पिल्लावरून जातीचं नाव देऊ नये. जगात ओरिबॅटिडच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कुळापर्यंत पोहोचलात तरी ते चांगलं काम आहे.

यांची वाढ सावकाश, अंडी मोजकी आणि पंख नाहीत. डोंगरउतारावर वणवा लागला की त्या जागी ती परतायला वेळ लागतो. त्यामुळे बाटलीत चिठ्ठी टाकताना ठिकाण, तारीख आणि झाडासोबत ‘जळलेला उतार’ किंवा ‘न जळलेला’ हेही लिहावं. पेन्सिलनेच, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.