डुलकी-इशारा यंत्रणा

डुलकी-इशारा यंत्रणा : गाडी चालवणाऱ्याला झोप येऊ लागली आहे, असा अंदाज बांधून त्याला आवाजाने, दिव्याने किंवा स्टिअरिंगच्या थरथरीने सावध करणारी मोटारीतील सोय. ‘अडास’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालक-साहाय्य प्रणालींमध्ये तिची गणना होते. लेन सुटल्याचा इशारा, आपोआप लागणारा ब्रेक आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखणारे क्रूझ कंट्रोल ही तिची भावंडे. बहुतेक गाड्यांत इशाऱ्यासोबत डॅशबोर्डवर कॉफीच्या कपाचे चित्र उमटते आणि विश्रांती घ्या, असा संदेश येतो.

या व्याख्येतला ‘अंदाज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. झोप ही मेंदूत घडणारी गोष्ट, आणि ती थेट मोजायची तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतील लहरी पाहाव्या लागतात. गाडीत ते शक्य नसल्यामुळे यंत्रणा झोपेच्या खुणा शोधते. खूण आणि झोप यांच्यात जे अंतर राहते, त्यातूनच या यंत्रणेच्या विश्वासार्हतेचे बहुतेक सगळे प्रश्न निघतात.

खुणा शोधण्याच्या पद्धती दोन आहेत. जुनी आणि स्वस्त पद्धत स्टिअरिंगवर लक्ष ठेवते. जागा माणूस स्टिअरिंग सतत बारीक बारीक हलवत असतो. झापड आलेला माणूस काही क्षण ते हलवतच नाही आणि मग दचकून एकदम ओढतो. हा ‘स्तब्धता आणि मग झटका’ नमुना यंत्रणा ओळखते. त्याला प्रवासाची वेळ, किती तास सलग गाडी चालू आहे, लेनच्या पट्ट्यांपासूनचे अंतर यांची जोड दिली जाते. व्होल्वोने २००७ मध्ये आणि मर्सिडीज-बेंझने २००९ मध्ये या धर्तीच्या यंत्रणा बाजारात आणल्या. दुसरी पद्धत कॅमेऱ्याची. स्टिअरिंगच्या मागे किंवा डॅशबोर्डवर बसवलेला छोटा कॅमेरा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात चालकाचा चेहरा पाहतो, त्यामुळे अंधारातही त्याचे काम चालते. पापण्या किती वेळ मिटल्या, मान कुठे कलली, नजर रस्त्यावर आहे की मोबाइलवर, हे तो टिपतो. येथे ‘परक्लॉस’ हे माप वापरतात. डोळा ८० टक्के किंवा त्याहून जास्त झाकलेला राहण्याचा काळ एकूण वेळेच्या किती टक्के आहे, ते त्यातून कळते.

कॅमेऱ्याची पद्धत जास्त थेट असली तरी तिलाही मर्यादा आहेत. काही गॉगल अवरक्त प्रकाश अडवतात. चष्म्याच्या काचेवर उजेडाची तिरीप आली की बुबूळ दिसत नाही. मुळातच बारीक डोळे असलेल्या माणसाला यंत्रणा अर्धवट झोपलेला समजू शकते. सर्वांत अवघड बाब म्हणजे काही सेकंदांची सूक्ष्म झोप डोळे उघडे असतानाही लागू शकते. अशा वेळी पापण्या वर असतात, पण बघणारे कोणी नसते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर कापते, म्हणजे चार सेकंदांच्या अशा झोपेत १०० मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो.

युरोपीय संघाने या यंत्रणेचे निकष २०२१ मध्ये ठरवले. नव्या मॉडेलांना ती जुलै २०२२ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना जुलै २०२४ पासून सक्तीची झाली. हे निकष कॅरोलिन्स्का निद्रालुता श्रेणीवर बेतले आहेत. ही श्रेणी १ ते ९ अशी आहे. १ म्हणजे लख्ख जागा, ८ म्हणजे जागे राहायला धडपडावे लागणारा आणि ९ म्हणजे झोपेशी अक्षरशः झुंजणारा. इशारा ८ पातळीवर दिलाच पाहिजे, तो ७ वरही देता येतो. चाचणीत यंत्रणेने झोपाळू अवस्था ओळखण्याचे सरासरी प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त असावे, एवढीच किमान अट आहे. पुष्कळ उत्पादकांच्या यंत्रणा याच्या वर असतील, पण कायदा हमी देतो ती एवढीच. ‘इशारा आला नाही, म्हणजे मी ठीक आहे’ असा अर्थ काढणे किती धोक्याचे आहे, ते या एका आकड्यावरून कळावे.

उलट बाजूला खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न आहे. त्याचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने मांडता येते. समजा, १,००० फेऱ्यांपैकी १० फेऱ्यांत चालक खरोखर पेंगतो. यंत्रणा दहापैकी नऊ वेळा त्याला पकडते आणि जाग्या चालकांच्या फक्त ५ टक्के फेऱ्यांत चुकून वाजते. हे आकडे कागदावर उत्तम दिसतात. प्रत्यक्षात खरे इशारे ९ येतात आणि खोटे सुमारे ५०. म्हणजे सहा वेळा वाजले तर पाच वेळा कारण नसताना वाजले. चालकाच्या मनात ‘लांडगा आला रे’ची गोष्ट घडायला एवढे पुरते, आणि तो सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करतो. यंत्र चोख असूनही हे घडते, कारण पेंगण्याचे प्रसंग जागेपणाच्या तुलनेत विरळ असतात.

कोल्हापूरच्या रस्त्यांवर. एखाद्या यंत्रणेची विश्वासार्हता ती कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हंगामात आणि कोणाच्या हाती आहे यावर ठरते. या दृष्टीने कोल्हापूर जिल्हा पाहण्याजोगा आहे, कारण सरळ महामार्ग, घाट आणि उसाची वाहतूक असे तिन्ही प्रकार येथे काही तासांच्या अंतरात भेटतात.

पुणे–बेंगळुरू महामार्ग हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४ आणि आताचा ४८. तो किणी टोलनाका, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा जिल्ह्यातून जातो आणि पुढे निपाणीकडे कर्नाटकात उतरतो. मुंबई विमानतळाचे भाडे घेतलेला टुरिस्ट गाडीचा चालक संध्याकाळी कोल्हापुरातून निघतो, साडेतीनशेहून अधिक किलोमीटर जातो, पॅसेंजर सोडतो आणि मालकाला गाडी सकाळी दुसऱ्या भाड्याला हवी म्हणून तशीच परत फिरवतो. खंबाटकी घाट, सातारा, कराड मागे टाकून तो किणीपाशी येतो तेव्हा पहाट झालेली असते. रात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराच्या घड्याळातला झोपेचा सर्वांत खोल पट्टा. घर जवळ आले म्हणून मनही सैल सुटते. टोलवर काच खाली होते, गार वारा तोंडावर येतो, दोन मिनिटे तरतरी वाटते आणि शिरोलीला पोचेपर्यंत पापण्या पुन्हा जड होतात. या टप्प्यावर कॉफीचा कप पेटला तरी चालक काय करणार, हा खरा प्रश्न आहे. ‘आता आलंच की कोल्हापूर’ असे म्हणून तो गाडी दामटतो. इशारा बरोबर असतो, पण त्या घटकेला तो ऐकण्याची चालकाची तयारी नसते.

घाटात वेगळीच अडचण येते. युरोपीय निकषांनुसार ही यंत्रणा ताशी ७० किलोमीटरच्या वर गेल्यावर आपोआप सुरू असावी लागते, आणि स्टिअरिंगवर चालणाऱ्या अनेक यंत्रणा कमी वेगात काम करतच नाहीत. आंबा घाट, करूळ घाट, फोंडा घाट येथे गाडी तीस-चाळीसनेच चालते. शिवाय वळणावळणाच्या रस्त्यावर स्टिअरिंग सतत फिरत असल्यामुळे पेंगणाऱ्याचा नमुना वेगळा काढता येत नाही. गगनबावड्याच्या पावसात आणि धुक्यात समोरच्या काचेमागच्या कॅमेऱ्याला लेन दिसत नाही. खरे तर तेथे पुष्कळ ठिकाणी रंगवलेले पट्टेच पुसलेले असतात. अशा वेळी डॅशबोर्डवर ‘प्रणाली तात्पुरती उपलब्ध नाही’ अशी ओळ येते. ही ओळ म्हणजे यंत्रणेचा प्रामाणिकपणा आहे आणि ती दिसली की दुरुस्तीची तक्रार करण्याआधी वेग कमी करावा.

ऊस हा तिसरा आणि सर्वांत गंभीर भाग. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर शिगोशीग भरलेल्या मोळ्या आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) असा ऐवज रात्रभर कारखान्यांकडे सरकत असतो. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने किंवा पाचटाने झाकलेला असतो. बैलगाड्याही असतात. आपोआप ब्रेक लावणाऱ्या प्रणालीचा कॅमेरा ओळखीचे आकार शोधतो : गाडीची मागची बाजू, दोन लाल दिवे, पादचारी, दुचाकी. अंधारातला उसाचा ढीग यापैकी कशासारखाच दिसत नाही. रडारला धातूकडून ठळक प्रतिध्वनी मिळतो, ओल्या-सुक्या मोळ्यांकडून तसा मिळत नाही. शिवाय ऐंशीने जाणारी मोटार आणि पंधराने रांगणारी ट्रॉली यांच्या वेगांत एवढी तफावत असते, की प्रणालीला उमगेपर्यंत थांबायला लागणारे अंतर संपलेले असू शकते. येथे पन्नास-शंभर रुपयांची लाल परावर्तक पट्टी लाखांच्या प्रणालीइतकेच काम करते. किंबहुना ती पट्टी असली तर प्रणालीचे कामही सोपे होऊ शकते. कारखान्याच्या गेटवर ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय काटा (उसाचे वजन) न करण्याची शिस्त पाळली गेली, तर त्याचा लाभ मोटारीतल्या कॅमेऱ्यालाही होतो आणि कॅमेरा नसलेल्या दुचाकीस्वारालाही.

चालक-साहाय्याची पातळी. स्वयंचलनाच्या सहा पातळ्या ० ते ५ अशा मोजतात. भारतात खासगी मोटारींत मिळणारी प्रणाली फार तर दुसऱ्या पातळीची असते. स्टिअरिंग आणि वेग दोन्ही ती सांभाळते, पण जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच राहते. २०२१ मध्ये आलेल्या एमजी ॲस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० यांमुळे ही सोय मध्यम किमतीच्या गाड्यांत पोचली. तिचा एक परिणाम उलटा होऊ शकतो. हाताला काम उरले नाही की कंटाळा येतो, आणि कंटाळ्यातून झोप. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२४ मध्ये अशा १४ अर्धस्वयंचलित प्रणाली तपासल्या. चालकाचे लक्ष टिकवण्याच्या उपायांबाबत त्यांतील ११ निकृष्ट ठरल्या आणि फक्त एक समाधानकारक. स्टिअरिंगवर हात असल्याचा भास व्हावा म्हणून पाण्याची बाटली अडकवण्यासारखे जुगाड याच ढिलाईवर चालतात. त्याच संस्थेचा दुसरा निष्कर्षही सांगितला पाहिजे. आपोआप ब्रेकमुळे मागून धडकण्याचे अपघात जवळपास निम्म्याने घटतात. म्हणून या प्रणाली निरुपयोगी ठरवणे चूक आहे. ज्या परिस्थितीसाठी त्या घडवल्या, तेथे त्या जीव वाचवतात.

गाडीची समोरची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या रोखाची नेमकी जुळणी, पुन्हा करावे लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. खडी उडून काच तडकणे आपल्याकडे रोजचेच. स्वस्तात काच बसवून घेतली आणि कॅमेरा किंचित तिरका राहिला, तर पुढची गाडी शेजारच्या लेनमध्ये असल्याचे गणित होऊ शकते. काच बसवणाऱ्याकडून कॅलिब्रेशन झाल्याचा कागद मागून घ्यावा.

कामाचे तास. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा आखली होती. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने तीच आधाराला घेतली. मात्र १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता. कोल्हापुरात एक-दोन गाड्यांचे मालक आणि स्वतःच गाडी मारणारे चालकच जास्त, त्यांच्या झोपेचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. प्यालेल्या चालकाच्या हाती किल्ली न देणारा मालक दोन रात्री जागलेल्याला बिनदिक्कत पाठवतो, कारण थकव्याचा वास येत नाही.

इशारा आल्यावर. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू मळणे यांनी थोडा वेळ हुशारी येते, झोपेची उणीव भरत नाही. उपयोग होतो तो झोपेचाच. कॉफी किंवा कडक चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॅफिनचा परिणाम दिसायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा लाभ एकदम मिळतो. त्यासाठी पेट्रोल पंपाचे किंवा ढाब्याचे उजेडाचे आवार गाठावे. महामार्गाच्या कडेला दिवे बंद करून गाडी उभी करू नये, कारण मागून येणाऱ्यालाही झापड आलेली असू शकते.